वाघ, बकरी आणि संगणक

पटावरच्या खेळांत वाघ-बकरीइतका स्वस्त खेळ क्वचितच असेल. देवळाच्या ओट्यावर कोळशाने रेघा ओढाव्यात, चार खडे वाघ समजावेत, वीस चिंचोके बकऱ्या समजाव्यात आणि डाव सुरू करावा. पावसाने ओटा धुऊन निघाला की पट पुसला जातो. पुन्हा खेळायचे झाले की नवा आखायचा. (शाळेच्या मैदानावर मुले रिंगण धरून वाघ-बकरी खेळतात, तो खेळ निराळा. प्रस्तुत लेखात पटावरच्या खेळाचाच विचार केला आहे.) असा हा धुळीतला खेळ संगणकावर मांडायचे कोणी ठरवले, तर त्याला काय काय करावे लागेल? या प्रश्नाचे उत्तर सोप्या शब्दांत द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय विज्ञान शाखेचा आहे असे वाचकाला वाटण्याचा संभव आहे. परंतु या कामाचा पहिला आणि अधिक अवघड भाग कला शाखेच्या विद्यार्थ्याने करण्याजोगा आहे, असे माझे मत आहे. ते का, हे ओघाने येईलच.

मूल तालुक्यातील वाचकाला वाघ आणि बकरी ही नुसती सोंगट्यांची नावे वाटणार नाहीत. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला, आणि त्या प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील एका वनपरिक्षेत्राचे नावच मूल आहे. रानाच्या कडेने बकऱ्या चारणाऱ्या माणसाला एकटी पडलेली बकरी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पटावरच्या खेळाचे मर्मही त्यातच आहे.

पट आणि डाव

या खेळाचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार नेपाळात ‘बाघ-चाल’ या नावाने खेळला जातो. तोच येथे नमुन्यादाखल घेऊ. पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा काढल्या की त्यांच्या छेदांचे २५ बिंदू मिळतात आणि मध्ये १६ चौकोनी घरे तयार होतात. प्रत्येक घरात एक तिरपी रेघ असते. सोंगट्या घरांत ठेवायच्या नसून बिंदूंवर ठेवायच्या असतात आणि रेघांवरूनच चालवायच्या असतात.

चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात. बकऱ्या वीस, त्या सुरुवातीला पटाबाहेर असतात. पहिली पाळी बकरीवाल्याची. तो एक बकरी कोणत्याही मोकळ्या बिंदूवर ठेवतो. मग वाघवाला एक वाघ शेजारच्या बिंदूवर सरकवतो. असे आळीपाळीने चालते. वीसही बकऱ्या पटावर येईपर्यंत आधी ठेवलेली बकरी हलवता येत नाही. वाघाच्या लगत बकरी असेल आणि तिच्या पलीकडचा, त्याच सरळ रेघेवरचा बिंदू मोकळा असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि ती बकरी मेली असे समजून उचलून ठेवतात. पाच बकऱ्या मेल्या की वाघ जिंकला. उलट, चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

बकरीच्या मागे लागूनच दुसरी बकरी उभी असेल तर वाघाला उडी मारता येत नाही, कारण पाय टेकायला जागाच नसते. म्हणून बकरीवाल्याची सारी कला कळप सांधण्यात असते आणि वाघवाल्याची सारी कला त्या कळपात फट शोधण्यात असते. दोन बाजूंची संख्या वेगळी, चाल वेगळी आणि जिंकण्याचा अर्थही वेगळा. बुद्धिबळात दोन्हीकडे सारखे सैन्य असते. येथे तसे नाही, आणि याच कारणाने हा खेळ गणितज्ञांना विशेष कुतूहलाचा वाटला.

यंत्राला पट कसा दिसतो

संगणकाला ओटा दिसत नाही आणि रेघाही दिसत नाहीत. त्याला आकडे कळतात. म्हणून पहिले काम म्हणजे बिंदूंना क्रमांक देणे. वरच्या ओळीत डावीकडून १ ते ५, दुसऱ्या ओळीत ६ ते १०, असे करीत शेवटच्या ओळीत २१ ते २५. वाघ १, ५, २१ आणि २५ या क्रमांकांवर बसतात. प्रत्येक क्रमांकापुढे एक खूण लिहून ठेवायची: मोकळा असेल तर ०, बकरी असेल तर १, वाघ असेल तर २. अशा पंचवीस खुणा, पटाबाहेर किती बकऱ्या शिल्लक आहेत तो आकडा, किती मेल्या तो आकडा आणि पाळी कोणाची ती खूण, एवढ्यात संपूर्ण डाव मावतो. वाचकाने कागदावर पट काढून हे क्रमांक स्वतः घालून पाहावेत, म्हणजे पुढील विवेचन सोपे जाईल.

असे क्रमांक घातल्यावर एक गंमत ध्यानात येते. ज्या बिंदूंवरून तिरप्या रेघा निघतात ते सगळे बिंदू विषम क्रमांकाचे आहेत. सम क्रमांकाच्या बिंदूवरून केवळ आडव्या-उभ्या रेघाच निघतात. म्हणजे रेघांचे सारे चित्र यंत्राला एका वाक्यात सांगता येते: शेजारचा बिंदू १ ने किंवा ५ ने कमी-अधिक असतो, आणि बिंदू विषम असेल तर ४ ने किंवा ६ ने कमी-अधिक असलेला बिंदूही शेजारीच समजावा. वाघाची उडी म्हणजे याच अंतराची दुप्पट.

पण या वाक्यात एक फसगत आहे. ५ हा पहिल्या ओळीचा उजवा शेवट आणि ६ हा दुसऱ्या ओळीचा डावा आरंभ. आकड्यांच्या दृष्टीने ते शेजारी आहेत. पटावर मात्र त्यांच्यामध्ये सारा पट पसरलेला आहे. यंत्राला हे कळत नाही. ४ वरचा वाघ ५ वरच्या बकरीवरून उडी मारून खुशाल ६ वर जाऊन बसेल! कोपऱ्यातून आरपार जाणारी रेघच नसल्यामुळे कोपऱ्यातली बकरी खऱ्या खेळात कधीच मारली जाऊ शकत नाही. यंत्राच्या खेळात मात्र ती मरेल. उपाय आपल्या धानाच्या शेतीतला आहे. बांधीतले पाणी वाहून जाऊ नये म्हणून आपण चहूबाजूंनी धुरा घालतो. तसाच पटाभोवती खोट्या बिंदूंचा एक वेढा घालायचा आणि त्यांवर ‘येथे पाऊल ठेवू नये’ अशी खूण करून ठेवायची. पंचवीस बिंदूंचा पट मग सात गुणिले सात म्हणजे एकोणपन्नासांचा होतो आणि क्रमांकांतील अंतरेही त्याप्रमाणे बदलून घ्यावी लागतात. पण सोंगटी पटाबाहेर घसरत नाही. दुसरा उपाय असा की प्रत्येक बिंदूचे शेजारी कोण, याची यादीच करून द्यावी. पटावर आडवे २०, उभे २० आणि तिरपे १६ असे एकूण ५६ रेषाखंड आहेत. यादी काही फार मोठी होत नाही.

यंत्राचे प्रश्न

पट सांगून झाला. आता नियम सांगायचे. खरी अडचण येथून सुरू होते.

ओट्यावर खेळताना नियम कोणी वाचून दाखवीत नाही. डाव चालू असताना शंका आली तर दोघे मिळून ठरवतात, भांडण झाले तर शेजारी बसलेले आबाजी निकाल देतात आणि डाव पुढे चालू होतो. संगणकाशेजारी आबाजी नसतात. पुढे येऊ शकेल अशा प्रत्येक प्रसंगी काय करायचे, हे त्याला आधीच, निःसंदिग्ध शब्दांत सांगून ठेवावे लागते. सांगायला बसले म्हणजे कळते की आपण वर्षानुवर्षे खेळत आलेल्या खेळाचे कितीतरी नियम आपण कधी शब्दांत मांडलेच नव्हते.

वाघाला एका पाळीत एकच बकरी मारता येते, की एकामागून एक दोन-तीन उड्या घेता येतात? बकरी मारणे शक्य असेल तर ती मारलीच पाहिजे, की वाघाला ती सोडून दुसरी चाल करता येते? एक वाघ कोंडला गेला, तर तो तसाच पटावर राहतो की उचलायचा? किती बकऱ्या मेल्यावर वाघाचा विजय मानायचा: पाच, की वाघ कोंडणे अशक्य होईल इतक्या? बकरीवाला एकच बकरी पुढे-मागे करीत राहिला आणि वाघवालाही तेच करू लागला, तर काय करायचे? माणसे दोन-चार वेळा तसे करून कंटाळतात आणि हसून डाव मोडतात. यंत्राला कंटाळा नाही. तेच दोन बिंदू ते रात्रभर पुढे-मागे करीत बसेल. म्हणून ‘तीच मांडणी तिसऱ्यांदा आली तर डाव बरोबरीत’ किंवा असाच काही नियम लिहून द्यावा लागतो.

यातील प्रत्येक प्रश्नाला दोन किंवा अधिक उत्तरे संभवतात, आणि निरनिराळ्या मुलखांत निरनिराळी उत्तरे रूढ झालेली आहेत. पटसुद्धा सगळीकडे एक नाही. तमिळनाडूत ‘आडु पुलि आट्टम’ या नावाने जो खेळ खेळतात, त्याचा पट त्रिकोणी असून त्याला २३ बिंदू असतात आणि त्यात ३ वाघ व १५ बकऱ्या असतात. आपल्या शेजारच्या तेलुगू मुलखातही याच जातीचा खेळ त्रिकोणी पटावर खेळतात. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंच्याकडे जावे तसतशी तेलुगू कानावर पडू लागते, भामरागडकडे वळावे तर माडिया बोली ऐकू येते, आणि इकडे मूल-सिंदेवाहीकडे झाडीबोली. जेथे एवढ्या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात, तेथे खेळाचे नियम गावाच्या शिवेवर बदलले तर त्यात नवल नाही.

यंत्र विचार कसे करते

नियम सांगून झाले की यंत्राला डाव मांडता येतो, चूक चाल नाकारता येते आणि कोण जिंकला हे सांगता येते. दोन माणसांना समोरासमोर खेळायला एवढे पुरे. पण यंत्राने स्वतः एका बाजूने खेळावे असे वाटत असेल, तर त्याला चाल निवडायला शिकवले पाहिजे.

या शास्त्राचा पाया बुद्धिबळावर घातला गेला. १९५० साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने संगणकाला बुद्धिबळ कसे खेळवावे यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इंग्लंडात ॲलन ट्युरिंग यांनी बुद्धिबळाची आज्ञावली कागदावर लिहिली. ती चालवू शकेल असे यंत्र हाताशी नसल्यामुळे १९५२ साली त्यांनी स्वतःच यंत्राची भूमिका घेतली आणि कागदावर एकेक आकडेमोड करीत एक डाव खेळून दाखवला. पुढे १९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच अशा गुणांनी हरवले. मूळ कल्पना मात्र शॅनन यांच्या निबंधातलीच होती, आणि ती वाघ-बकरीलाही जशीच्या तशी लागू पडते.

कल्पना अशी: मी ही चाल केली तर समोरचा काय करील, त्यावर मी काय करीन, त्यावर तो काय करील, असा विचार करीत काही चाली पुढे जायचे आणि तेथे डाव कसा दिसतो ते पाहायचे. प्रत्येक पाळीला आपण आपल्या सर्वांत हिताची चाल निवडणार आणि समोरचा आपल्या सर्वांत अहिताची चाल निवडणार, हे गृहीत धरायचे. माणूसही हेच करतो. फक्त तो थोड्याच शक्यता पाहतो आणि यंत्र सगळ्या पाहते. पहिली बकरी ठेवायला २१ जागा मोकळ्या असतात. त्यानंतर वाघवाल्याला १२ चाली असतात. मग दुसऱ्या बकरीला सुमारे २० जागा. म्हणजे केवळ तीन पाळ्यांत पाच हजारांवर शक्यता झाल्या. सगळ्या बकऱ्या ठेवून होईपर्यंत अशा ३९ पाळ्या होतात.

हा पसारा आवरायला दोन युक्त्या आहेत. पहिली म्हणजे पटाचा सारखेपणा. पट फिरवला किंवा आरशात पाहिला तरी तो तसाच दिसतो. त्यामुळे पहिल्या बकरीच्या २१ जागा वस्तुतः पाचच प्रकारच्या आहेत; बाकीच्या त्यांचीच प्रतिबिंबे. दुसरी युक्ती बैलबाजारात बैल घेणाऱ्याला ठाऊक असते. एक चांगला बैल पाहून ठेवल्यावर दुसऱ्याच्या पायात खोड दिसली, तर त्याचे दात मोजण्यात कोणी वेळ घालवीत नाही. त्याचप्रमाणे एक बरी चाल हाती आल्यावर दुसऱ्या चालीला समोरच्याचे एकही असे उत्तर सापडले की ज्याने ती पहिलीपेक्षा वाईट ठरते, तर तिची पुढची चौकशी तेथेच थांबवायची. या एका युक्तीने कामाचा फार मोठा भाग वाचतो.

तरीही शेवटापर्यंत पोचता येत नाही. मध्येच कोठेतरी थांबून डाव चांगला की वाईट ते ठरवावे लागते. समजा, मेलेल्या प्रत्येक बकरीसाठी वाघाला ५० गुण दिले आणि कोंडलेल्या प्रत्येक वाघासाठी बकरीवाल्याला ३० गुण दिले. हे आकडे यंत्र देत नाही; खेळ जाणणारा माणूस देतो. बकरी कोठे सुरक्षित आहे, हेही त्यात धरावे लागते. कोपऱ्यातल्या बकरीला कधीच भय नाही. कडेच्या बकरीवर फक्त कडेच्या रेघेवरून, म्हणजे दोनच दिशांनी उडी येऊ शकते. आतल्या सम क्रमांकाच्या बिंदूवर चार दिशांनी आणि आतल्या विषम क्रमांकाच्या बिंदूवर आठही दिशांनी. मुरलेला खेळाडू सुरुवातीच्या बकऱ्या कडेला का ठेवतो, याचे हे गणित आहे. त्याने ते कधी मोजलेले नसते. पुष्कळ बकऱ्या गमावून ते त्याच्या हाताला कळलेले असते.

अलीकडे यंत्राला हे गुणही द्यावे लागत नाहीत. २०१७ साली ‘अल्फाझीरो’ या आज्ञावलीने स्वतःशीच असंख्य डाव खेळून बुद्धिबळ आत्मसात केले. कोणती मांडणी चांगली हे तिला कोणीही शिकवले नव्हते. मात्र नियम तिलाही आधी सांगावेच लागले.

वाघ जिंकतो की बकरी?

आता मूळ प्रश्न. दोन्हीकडून एकही चूक झाली नाही, तर या डावात कोण जिंकेल? बहुतेक नवशिके म्हणतील, वाघ. कारण नवशिक्याच्या बकऱ्या भराभर मरतात. मुरलेले म्हणतील, बकरी. कारण कळप नीट सांधला तर वाघ कोंडले जातात.

सिंगापूरचे यू जिन लिम आणि झुरिच येथील प्राध्यापक युर्ग नीव्हर्गेल्ट यांनी हा प्रश्न संगणकापुढे मांडला. त्यांनी वर सांगितलेले बाघ-चालीचे नियम घेतले आणि काम दोन्ही टोकांनी सुरू केले. सगळ्या बकऱ्या पटावर आल्यानंतरचा जो भाग, तो त्यांनी उलट्या दिशेने सोडवला. जेथे डाव संपलेला आहे अशा सगळ्या मांडण्या प्रथम घेतल्या. त्यांच्या एक चाल आधीच्या मांडण्या शोधल्या. मग त्याही आधीच्या. असे मागे मागे येत प्रत्येक मांडणीसमोर ‘वाघ’, ‘बकरी’ किंवा ‘बरोबरी’ असा शिक्का मारला.

अशा मांडण्या किती असतील, ते आपणही काढू शकतो. २५ बिंदूंवर ४ वाघ १२,६५० प्रकारांनी बसतात. उरलेल्या २१ बिंदूंवर २० बकऱ्या २१ प्रकारांनी बसतात, १९ असतील तर २१०, १८ असतील तर १,३३०, १७ असतील तर ५,९८५ आणि १६ असतील तर २०,३४९ प्रकारांनी. या सर्वांची बेरीज २७,८९५. तिला १२,६५० ने गुणायचे, पाळी दोघांपैकी कोणाचीही असू शकते म्हणून दुप्पट करायचे आणि पट आठ प्रकारांनी सारखाच दिसतो म्हणून आठाने भागायचे. उत्तर सुमारे ८ कोटी ८२ लाख येते. संशोधकांनी प्रसिद्ध केलेला नेमका आकडा ८,८२,६०,९७२ आहे. स्वतःच स्वतःचे प्रतिबिंब असणाऱ्या काही मांडण्यांमुळे तो आपल्या भागाकारापेक्षा किंचित मोठा येतो. बारावीपर्यंत गणित घेतलेल्या कोणालाही ही आकडेमोड पडताळून पाहता येईल.

बकऱ्या ठेवण्याच्या भागातील शक्यतांचा अंदाज मात्र १ वर ४१ शून्ये इतका होता. तो एकेक करून तपासणे कोणत्याही यंत्राला अशक्य. तेथे त्यांनी डावाच्या मध्यावर आणखी एक कोष्टक तयार करून वरून आणि खालून येणारी वाट मध्ये जुळवली. २००४ साली त्यांचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पूर्ण उत्तर देणारा निबंध २००९ साली निघालेल्या एका ग्रंथात आला. उत्तर असे: दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. वाघाला पाच बकऱ्या मिळत नाहीत आणि बकऱ्यांना चारही वाघ कोंडता येत नाहीत.

याच नीव्हर्गेल्ट यांच्या मार्गदर्शनाखाली झुरिच येथे राल्फ गासर या विद्यार्थ्याने १९९३ साली दुसरा एक खेळ असाच सोडवला होता. एकात एक तीन चौकोन, २४ बिंदू आणि प्रत्येकी नऊ सोंगट्यांचा तो खेळ युरोपात फार जुना आहे. मराठी वाचकाने पट पाहताक्षणी ओळखावे, ही आपली नवकांकरी! महाराष्ट्रातील लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या फरशांवर हा पट कोरलेला अनेक ठिकाणी आढळतो. तिचेही उत्तर बरोबरीच निघाले. आपल्या ओट्यांवरच्या जातीचे दोन खेळ, आणि दोन्हींचा शेवटचा निकाल लागला तो परदेशातील संशोधनातून. आपल्याला याचा अभिमान वाटावा की खेद, हे ज्याने त्याने ठरवावे.

येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. तो निकाल त्या नियमांचा आहे. वाघाला दोन उड्या घेण्याची मुभा दिली, विजयासाठी पाचाऐवजी दुसरा आकडा धरला किंवा पट त्रिकोणी केला, तर ती सारी कोष्टके निरुपयोगी ठरतात आणि काम पहिल्यापासून करावे लागते. यंत्राने ‘वाघ-बकरी’ सोडवली असे म्हणणे बरोबर नाही. तिचा एक पाठ सोडवला, असे म्हणावे. जुन्या पोथीचे पाठभेद असतात तसे या खेळाचेही आहेत.

लिहिलेला खेळ आणि न लिहिलेला खेळ

पाठभेद जपले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण बुद्धिबळात आहे. आपले देशी बुद्धिबळ आजच्या बुद्धिबळापेक्षा निराळे होते. प्यादे पहिल्या चालीलाही साधारणपणे एकच घर सरके. राजाला किल्लेकोट करण्याची सोय नसे. त्याऐवजी, शह बसलेला नसेल तर, डावात एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरे जाता येई. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते घर मुळात ज्या मोहऱ्याचे, त्याचे रूप त्याला मिळे. समोरच्याचा राजा एकटा उरला तर बुर्जी झाली असे म्हणत. नियम गावोगाव थोडेफार बदलत.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेवरून तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळावर ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले, आणि ते छापताना त्यातील डाव युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतले होते. म्हणजे एका खेळाला दुसऱ्या साच्यात बसवण्याचे काम, जे आज आपण संगणकासाठी करतो, ते त्या वेळी छापखान्यासाठी झाले. पुढे १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. स्पर्धांतून आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र रूढ झाले आणि देशी पद्धत मागे पडली.

यात आपला तोटाच झाला असे म्हणता येणार नाही. एक नियम सर्वांनी मानला म्हणूनच आपल्या विदर्भातील मुले जगाशी खेळू शकतात. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली. आजच्या बुद्धिबळपटूंची तयारी संगणकाशिवाय होत नाही. यंत्राने खेळ मारला, ही ओरड बुद्धिबळाच्या बाबतीत तरी खोटी ठरली आहे. पण यंत्रात शिरले ते लिहून ठेवलेले बुद्धिबळ. जे नियम नुसते तोंडी होते, ते ज्यांच्या तोंडी होते त्यांच्याबरोबर गेले.

वाघ-बकरी आज त्याच उंबरठ्यावर उभी आहे. मोबाइलवर हा खेळ आता मिळतो. पण तो बनवणाऱ्याने जे नियम वाचले, त्याच नियमांचा. मुले तोच खेळ खरा मानतील आणि आजीने वेगळा नियम सांगितला तर ‘आजी, तुला येत नाही’ म्हणतील. हे घडायला फार वर्षे लागत नाहीत.

म्हणून आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. सुटीत गावी गेल्यावर घरच्या आजी-आबाजींना, गुराख्यांना, देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना हा खेळ विचारावा. नुसते विचारू नये; त्यांच्यासमोर बसून दोन डाव खेळावेत, कारण कितीतरी नियम डाव अडल्याशिवाय आठवत नाहीत. मग पटाचे चित्र काढावे. वाघ किती, बकऱ्या किती, प्रथम कोण बसते, उडी एक की अनेक, मारणे सक्तीचे की ऐच्छिक, कोंडलेल्या वाघाचे काय करतात, तीच चाल पुन्हापुन्हा आली तर काय, आणि डाव केव्हा संपला म्हणायचा, एवढे प्रश्न विचारावेत. उत्तरे सांगणाऱ्याच्याच बोलीत, त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत; मारण्याला, कोंडण्याला, हरण्याला तो कोणते शब्द वापरतो, हेही लिहावे. खाली गावाचे नाव आणि तारीख घालावी. झाडीबोलीचा अभ्यास करणाऱ्याला त्यातून शब्द मिळतील, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला खेळाचा प्रसार कळेल आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक साधन मिळेल.

हे सारे एका पानावर मावते. असे पान हाती आले तर संगणकाचे काम जाणणारा कोणीही, मूलमध्ये असो वा मुंबईत, त्या गावचा डाव जसाच्या तसा यंत्रावर मांडू शकेल. त्यासाठी लागणारे सर्व शास्त्र तयार आहे आणि ते वर सांगितलेच आहे. पानच नसेल, तर कितीही वेगवान यंत्र आणले तरी त्याला विचारायला आबाजी कोठून आणणार?